झुरळांचा अधिकृत पत्ता

आमच्या इमारतीत बत्तीस घरं आहेत आणि त्यांपैकी एकतीस घरांत एकही झुरळ नाही. हे मी म्हणत नाही, समितीच्या दप्तरी तशी नोंद आहे. बत्तिसावं घर माझं.

भाची सहा महिन्यांसाठी परदेशी कामाला गेली आणि जाताना टॅरंटुला जातीच्या केसाळ कोळ्यांची नऊ पिल्लं माझ्यावर सोपवून गेली. "मामा, यांचं काही झालं तर मी तुला काही बोलणार नाही," असं ती म्हणाली. म्हणजे पुन्हा कधीच बोलणार नाही, असा अर्थ मी घेतला. या पिल्लांना नुकती जन्मलेली झुरळं लागतात, म्हणून प्लॅस्टिकच्या पेटीत अंड्यांचे ट्रे उभे करून झुरळंही वाढवायची होती. ही झुरळं रुंद, संथ आणि स्वभावाने सभ्य असतात. गुळगुळीत भिंतीवर त्यांना चढताही येत नाही. मी त्यांना रोज गाजराच्या चकत्या देई.

याच सुमारास समितीने इमारत झुरळमुक्त जाहीर करायचं ठरवलं. घरोघरी छापील अर्ज आले: 'आपल्या घरात झुरळे आहेत काय? होय/नाही.' मी 'होय'वर खूण केली. जागा उरली म्हणून 'अंदाजे तीनशे, प्रकृती उत्तम' असंही लिहिलं. इतरांनी काय लिहिलं ते आधी विचारायला हवं होतं, पण कुणाचं दार वाजवायचं म्हणजे मला संकोच वाटतो.

आठवड्याभराने तिसऱ्या मजल्यावरच्या शिक्षिकाबाई एक डबी घेऊन आल्या. त्यांच्या सिंकखाली झुरळ सापडलं होतं. त्यांच्या घरात झुरळं नाहीत हे कागदावर सिद्ध असल्याने ते माझंच, हे त्यांनी मला फळ्यापाशी उभं केल्यासारखं समजावून दिलं. हे चपळ आणि उडणारं आहे, माझी अशी नसतात, असं मी पुटपुटलो.

"काका, बाहेर पडल्यावर बिघडलं असेल."

मी डबी घेतली आणि पोच दिली.

पोच द्यायला नको होती. दुसऱ्या दिवसापासून दारात रांग लागली. दंतवैद्यांनी फ्रीजमागची आणली, शिंपीणबाईंनी मशीनच्या खणातली. वकिलांनी एक मेलेलं आणलं आणि त्याच्या मृत्यूला आपण जबाबदार नाही असं माझ्याकडून लिहून घेतलं. ही झुरळं पिल्लांना घालायची सोय नव्हती, कारण घराघरांतली औषधं पचवून ती इथवर आली होती. मी त्यांच्यासाठी वेगळी पेटी मांडली.

शेवटी समितीने ठराव केला: उपद्रवाचे उगमस्थान एकच असल्याने फवारणीही त्याच घरात, रविवारी सकाळी दहा वाजता. कोळ्यांची पिल्लं नखाएवढी. फवारणीचा नुसता वास त्यांना पुरला असता. मी भाचीला तीन पत्रं लिहिली, तिन्ही फाडली आणि सेक्रेटरींकडे गेलो. बोलायचं ते कागदावर लिहून नेलं होतं, पण चष्मा घरीच राहिला.

"फवारायचं तर फवारा," मी कसंबसं म्हणालो, "पण मग मला नवा अर्ज द्या. 'नाही'वर खूण करायला."

सेक्रेटरींनी बोटांवर हिशेब केला. "म्हणजे बत्तीसच्या बत्तीस घरांत नाहीत?"

"कागदावर."

"आणि त्यानंतर कुणाकडे निघालं तर?"

"ते कुणाचं म्हणायचं, हे मलाही कळत नाहीये," मी म्हणालो. मला खरंच कळत नव्हतं.

त्यांनी उठून दार लावून घेतलं. स्वतःच्या ओट्याकडे एक नजर टाकली. "काका, बसा ना. एवढी घाई कसली आहे?"

फवारणी रद्द झाली. नव्या ठरावानुसार माझ्या घरात झुरळं कायम राहतील याची जबाबदारी माझ्यावर आहे, आणि समितीला कळवल्याशिवाय मला घर सोडता येत नाही. पिल्लं दोनदा कात टाकून बटणाएवढी झाली आहेत. फाटकावर 'झुरळमुक्त इमारत' असा फलक लागला आहे.

तो पाहून शेजारच्या तीन इमारतींनीही आपली झुरळं माझ्या नावावर लावून घेण्याची विनंती केली. नाही म्हणणं मला जमत नाही. वाचताना आपणही मनात म्हणाला असाल, की आमच्याकडे नाहीत बुवा. तशी नोंद मी करून घेतली आहे. फक्त येताना डबी रुमालाखाली लपवू नका. रांगेत सगळे आपल्या ओळखीचेच भेटतील.