कॉम्प्युटरला प्रशासकाची सही

कॉम्प्युटर सुरू करण्याआधी सुभेदार हंबीरराव पायातल्या चपला काढत. सांगलीच्या लेकीनं, संयोगितानं, तो पाठवला होता आणि सुभेदारांनी सहा महिने त्यावर एकच काम केलं होतं. आपल्या कुंडल गावातून फौजेत गेलेल्यांची यादी. सव्वीस जानेवारीला ती झेंड्यापुढं वाचायची होती. चार दिवस उरले असताना सकाळी पडद्यावर इंग्रजी चौकट उगवली.

फौजेतल्या इंग्रजीवर त्यांनी अर्थ लावला. "रजिस्ट्रीचा बॅकअप हुईना म्हनतंय. परवानगी न्हाई. ॲडमिनिस्ट्रेटरला भेटा."

त्यांच्या पत्नी मनुबाई चुलीपुढून धावत आल्या. "रजिस्ट्री? मळ्याची का घराची?"

"कंची का असंना. ॲडमिनिस्ट्रेटर म्हंजे प्रशासक. सोसायटीत नवा आलाय की!"

गावच्या विकास सोसायटीच्या संचालक मंडळाची मुदत संपल्यामुळं तिथं नुकताच प्रशासक नेमला होता. सुभेदारांनी उभ्या आयुष्यात परवानगीशिवाय एक दिवस रजा घेतली नव्हती. अर्ज लिहून, मळ्याचं खरेदीखत जोडून ते हजर झाले. प्रशासक राजरत्न कांबळे वयानं लहान होते. त्यांनी अर्ज दोनदा वाचला.

"अहो सुभेदार, तो प्रशासक मी नव्हे. तुमच्या कॉम्प्युटरचे प्रशासक तुम्हीच."

"व्हय साहेब. पर आपल्याच अर्जावर आपुनच सही कशी करायची?"

समोर सावधान उभ्या असलेल्या माणसाला नाही म्हणणं साहेबांच्या जिवावर आलं. 'बॅकअप घेण्यास या कार्यालयाची हरकत नाही,' असं लिहून त्यांनी शिक्का उमटवला.

घरी येऊन सुभेदारांनी ते पत्र पडद्यासमोर, त्याला वाचता येईल असं धरलं. मग दिसेल ते बटण दाबलं, तशी चौकटीमागून चौकट येऊ लागली. नक्की ना? खात्री आहे ना?

"आरं हाय की! सही हाय, शिक्का हाय!" असं म्हणत सुभेदार प्रत्येक वेळी 'येस' दाबत गेले. सातव्या चौकटीनंतर पडदा काळा झाला. पुन्हा उजेड आला तेव्हा कॉम्प्युटर नुकताच खोक्यातून काढल्यासारखा कोरा होता. यादी गेली होती.

सुभेदारांनी पत्र खाली ठेवलं. "निम्मी नावं म्हाताऱ्या गुंडा नाईकानं सांगितलेली. त्यो दिवाळीत गेला. आता कुनाला इचारू?"

मनुबाई आत गेल्या आणि आपली साक्षरता वर्गाची वही घेऊन आल्या. "तुमी नावं मोठ्यानं वाचत टाइप करत हुता. म्या ऐकून अक्षरं गिरवत हुते."

एकूण एक नाव होतं. वेलांट्या चुकल्या होत्या, माणूस एकही सुटला नव्हता. फक्त नावांपुढं आणखी एकेक नाव होतं. हरणाबाई. भामाबाई. लीलाबाई.

"ह्या बायका कशाला घुसडल्या?"

"गडी सरहद्दीवर हुता, तवा ऊस कुनी जगवला? म्हाताऱ्यास्नी कुनी बघितलं?" मनुबाईंनी पदर खोचला. "आवं, बॅकअप बॅकअप म्हनता, म्हंजे तरी काय?"

"म्हंजे... मागं कुनीतरी खंबीर असनं."

"मग?"

वहीतल्या नावांवर बोट फिरवत सुभेदार आपल्या नावापाशी आले. त्यापुढची जागा मोकळी होती.

"अगं, हितं तुजं नाव न्हाई?"

"परवानगी कुठं हुती?" मनुबाई गालात हसल्या.

सुभेदारांनी खिशातलं पेन काढलं आणि कुणालाही न विचारता तिथं 'मनुबाई' असं लिहिलं. मग सवयीनं खाली सही केली.