सड्यावरचा काळा खेकडा

धुमाळ सरांपुढे 'लय' म्हणायची सोय नाही. "सर, ओढ्याला लय पाणी आलंय," असं कुणी पोरगं म्हणालं की हे लगेच, "लय म्हंजे किती रं? मोजलंस?" मेढ्याच्या आमच्या कॉलेजात ते प्राणिशास्त्र शिकवतात. एकदा मी सहज म्हणाले, डोकं फार दुखतंय. कधीपासून, कुठल्या बाजूनं, आधी किती वेळा, सगळं वहीत लिहून घेतलं त्यांनी. गोळी काही दिली नाही.

बी.एस्सी.च्या पोरांनी संशोधन करून छापलं पाहिजे, हे त्यांचं वेड. त्यापायी दरवर्षी कॉलेजचा अंक निघतो आणि संपादनाचं झेंगट मराठीच्या बाईंच्या, म्हणजे माझ्या गळ्यात पडतं. पोरांच्या लेखावर स्वतःचं नाव मात्र ते घालू देत नाहीत. "ओढ्यात मी उतरलो व्हतो का?" म्हणतात.

यंदा त्यांच्या वर्गातल्या सारिकानं खेकड्यांवर लेख दिला. सरांचा स्वतःचा उभ्या जन्मात एकच पेपर छापून आलाय, तोही खेकड्यांवरच. त्यात म्हटलंय, काळा खेकडा वर सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्याच्या कातळपठारावर, सापडत नाही. आता सारिकाचं घरच सड्यावर, आणि दर पावसाळ्यात तिच्याकडे त्याच खेकड्याचं कालवण होतं! तिनं चार महिने नोंदी ठेवल्या, फोटो काढले आणि लिहिलं, 'धुमाळ यांचा निष्कर्ष चुकीचा आहे.' मग घाबरून माझ्याकडे आली. मी ते वाक्यच उडवलं. म्हटलं, रिटायर व्हायला आलेल्या माणसाला कशाला दुखवा?

प्रुफात सड्यावरच्या नोंदी आहेत आणि निष्कर्ष नाही, हे सरांच्या नजरेतून सुटतंय होय! त्यांनी सारिकाला विचारलं, तिनं सगळं सांगून टाकलं, आणि सर तरातरा माझ्याकडे आले.

"मॅडम, पोरीचा सगळा शोध त्या एका वाक्यात हाय. तुमी नेमकं तेच काढलं."

मला खरंच लाज वाटली. त्यांनी माझंच पेन घेतलं आणि ते वाक्य होतं तसं, स्वतःच्या नावासकट, पुन्हा लिहिलं. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून काढलं होतं, मी पुटपुटले.

सर खुर्चीत बसले. डोळे भरून आले होते त्यांचे.

"माझा पेपर छापून बावीस वर्षं झाली, मॅडम. कुणीतरी वाचलाय, हे आज कळलं."