एनॉकच्या दगडावरचं बार्क

या, शेगडीजवळ सरका. एका एवढ्याशा शब्दाने एका विधवेला कसं रडवलं ते सांगतो. मध्येच हसू आलं तर हसा, देव रागवत नाही.

एनॉक थर्लवेल गलबतासकट बुडाला. देहही मिळाला नाही. मर्सीबाईने चॅपलच्या आवारात रिकामंच थडगं बांधलं. नवऱ्याचं म्हणून तिच्यापाशी आता तेवढंच उरणार होतं. तिने पाथरवटाला चिठ्ठी धाडली, ‘दगडावर बार्क कोर. रविवारी प्रार्थना आहे.’

तीन डोलकाठ्यांच्या गलबताला आमच्या बंदरात बार्क म्हणतात. पण ओबेड पाथरवट डोंगराकडचा. त्याच्या लेखी बार्क म्हणजे झाडाची साल. त्याने गाठीगाठींची ओकची साल कोरली, वर दोन मुंग्याही सोडल्या.

गुरुवारी दगड बघायला आलेल्या बाईने त्या सालीवर थाडकन हात आपटला.

“मेल्या, हे काय सरपण? हे नव्हे रे, ते दुसरं बार्क!”

“दुसरं? नक्की ना, बाई?”

“नक्की काय विचारतोस! तीस वर्षं त्याच्यापायी माझ्या डोळ्याला डोळा नाही!” आणि ती ॲप्रनमध्ये तोंड खुपसून चालती झाली.

ओबेडला दुसरं बार्क एकच ठाऊक, कुत्र्याचं भुंकणं. झोपमोडीचा हिशेबही जुळला. त्याने दगड फिरवला आणि कोऱ्या बाजूवर आ वासलेला कुत्रा कोरला.

रविवारी कापड ओढलं, तसं गाणं दुसऱ्याच ओळीवर थबकलं. सायलस उपदेशकाने नेहमीच्या गात्या सुरात सावरायला घेतलं, “बंधूंनो, सालीचा शब्द उत्तरेच्या दर्यावर्दींनी आणला, गलबताचा फ्रान्सकडून आला, भुंकण्याचा तेवढा आपल्या घरचा! तीन वाटांनी आलेले शब्द एका तोंडी एक होतात, मग आपण...” पुढचं त्याला सुचेना. सूर तेवढा लांबत राहिला.

ओबेड पांढराफटक पडला. “घासून काढतो, बाई. गलबत कोरतो.”

“थांब.” मर्सीबाई कुत्र्याकडे बघत होती. त्याचं तोंड समुद्राकडे होतं. “धुक्यात चुकले रे ते. दिवा दिसेनासा झाला की खलाशी कान देतात. गावातलं कुत्रं ऐकू आलं की म्हणतात, आलं घर.” तिने डोळे पुसले. “राहू दे. भुंकू दे त्याला.”

मग ती ओबेडकडे वळली.

“दात तेवढे कमी कर, मेल्या. इतक्या लांबून यायचा माणूस, दारातूनच परत फिरेल!”

सोमवारी ओबेडने चार दात घासले.

आज निजण्याआधी हात जोडाल, तेव्हा आमच्या एनॉकचं नाव घ्या. तो अजून वाटेवर आहे.