कुंपणापलीकडचं पिगन

आमचे शेजारी एम्रिस यांच्यासमोर "इट्स स्पिटिंग" म्हणायची हिंमत ऑकलंडच्या आमच्या अख्ख्या अवोन्डेल उपनगरात कुणी करत नाही. पावसाचे पहिले चार थेंब पडले, की हे ऐंशीच्या घरातले वेल्श गृहस्थ जँडल्स, म्हणजे रबरी चपला, फटकावत कुंपणाशी येतात आणि ओरडतात, "पिगन!"

पिगन म्हणजे पाऊस नव्हे. येऊ का नको, असं करत पाऊस एकेक थेंब टाकून बघतो, ते पिगन. "इंग्रजांकडे याला धड शब्द नाही," एम्रिस मोठ्या अभिमानानं सांगतात. "ते म्हणणार, आभाळ थुंकतंय. शी!"

मी पुण्याचा. भाषेच्या बाबतीत हार मानणं आम्हाला जमत नाही. मी 'भुरभुर' पुढे केली. "फार बारीक," एम्रिस म्हणाले. बरं, 'रिपरिप'? "ती थांबतच नाही, असं तूच सांगितलंस!" शेवटी माझी बायको वैशाली म्हणाली, "अहो, आई ओरडायच्या ना, 'थेंब आले, कपडे काढा!' तेच की हे." एम्रिसनी तिला पैकीच्या पैकी मार्क दिले आणि मला नापास केलं.

तेव्हापासून हाक आली की वैशाली दोरीवरचे कपडे काढते. ऑकलंडच्या हवेत हा प्रकार दिवसातून कितीदा तरी होतो. आमची लेक वैतागून म्हणते, "बाबा, जस्ट गेट अ ड्रायर!" पण एम्रिसचा अपमान कोण करणार?

गेल्या रविवारी सकाळी हाक आली. "पिगन!" बाहेर लख्ख ऊन, आभाळ निळंशार. "एम्रिस, चष्मा लावा," असं मी ओरडणार, तेवढ्यात वैशालीनं मला डोळ्यांनीच गप्प केलं. ती बाहेर गेली आणि मुकाट्यानं ओलेच कपडे काढायला लागली.

एम्रिस कुंपण धरून उभे होते. "राहू दे," ते म्हणाले. "पाऊस नाहीये. दर रविवारी मी वेल्सला बहिणीला फोन करायचो. बोलायचो फक्त हवापाण्याचं, पण आमच्या भाषेत. परवा ती गेली. आज कुणाशी बोलावं कळेना."

वैशालीनं कपडे परत दोरीवर टाकले. "आत या. चहा टाकते. पावसाचे असे अजून शब्द आहेत तुमच्याकडे?"

"हीप्स! ढीगभर," एम्रिस म्हणाले.

हाताला धरून मी त्यांना आत आणलं. संध्याकाळपर्यंत ते बोलत होते, बरंचसं वेल्शमध्येच. आम्हाला त्यातलं निम्मंही कळलं नाही, पण आम्ही दोघंही जागचे हललो नाही.