विनापरवाना शेवट

पाणीखात्यात काम होत नाही, अशी तक्रार जनतेतून आल्यावर खात्याने तिची गंभीर दखल घेतली आणि मीटर विभागात कॅमेरा बसवला. कॅमेऱ्यात काय दिसतं ते बघायला माणूस नेमायचा मात्र राहून गेला, कारण त्या पदाला मंजुरी नव्हती. कॅमेरा एका क्षणाचीही रजा न घेता चालू राहिला. विभागात निदान कोणीतरी काम करतंय, याचं वरिष्ठांना समाधान वाटलं.

या कॅमेऱ्याच्या बरोबर समोर मीटर तपासनीस साहेबांचं टेबल होतं आणि टेबलावर घड्याळजींचा मीटर होता. घड्याळजींचं दुरुस्तीचं दुकान रस्त्याला लागून होतं आणि बिऱ्हाड त्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर. तिथे नळ नव्हता. नळ जोडायला मीटर लागतो आणि मीटरला खात्याचं सील लागतं. सील म्हणजे तारेत शिशाची गोळी ओवायची आणि पक्कडीने दाबायची. घड्याळजींनी नवाकोरा पितळी मीटर आणून दिला होता. तार होती, गोळी होती, पक्कड टेबलाच्या खणात होती. फक्त साहेब जागेवर नव्हते.

"येतील एवढ्यात," शेजारच्या टेबलावरच्या कारकूनबाई म्हणायच्या. "बसा ना बाकावर."

घड्याळजी दर सोमवारी दुकान बंद ठेवून, ठेवणीतला निळा शर्ट घालून त्या बाकावर बसायचे आणि कचेरी बंद झाली की उठायचे. सकाळचं पाणी ते स्वतः वर नेत; पण पाणी संपायचं ते नेमकं ते दुकानात किंवा बाकावर असताना. मग बायको बादली घेऊन खालच्या नळावर जायची. तिची कंबर धरली होती. ओझं उचलू नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पाणी वर कसं न्यायचं, हा विषय त्यांच्या अखत्यारीत येत नव्हता.

अशात वरून परिपत्रक आलं. नव्या सांस्कृतिक धोरणानुसार प्रत्येक खात्याने आपल्या कार्याचं दर्शन घडवणारी एक दृश्यकृती सरकारी कलादालनाला पाठवायची होती. उद्यान खात्याने फुलं पाठवली, अग्निशमन खात्याने आग. पाणीखात्याकडे दाखवण्याजोगं पाणी नव्हतं. तपासनीस साहेबांनी डोकं चालवलं आणि कॅमेऱ्यात साठलेलं सगळं चित्रण जसंच्या तसं धाडून दिलं. वर पाठवलेलं कोणी बघत नाही, हा त्यांचा अनुभव होता.

या वेळी तो खोटा ठरला. कलादालनाच्या संचालिका मॅडमनी ते सगळं बघितलं, पुन्हा बघितलं आणि गाडी काढून थेट मीटर विभागात आल्या.

"ही व्हिडिओ आर्ट आहे," त्या म्हणाल्या.

साहेबांचा चेहरा उतरला. "मॅडम, चौकशी लावण्यापूर्वी आमचं म्हणणं तरी..."

"अहो, मी कौतुक करतेय. सिनेमा कसा असतो? सुरू होतो, संपतो. माणूस तिकीट काढून अंधारात बसतो आणि आता काहीतरी होईल म्हणून वाट बघतो. इथे काही व्हावंच लागत नाही. लोक केव्हाही येतात, उभ्याउभ्या बघतात, केव्हाही जातात. गोष्ट नाही, नायक नाही, पुढे काय याची घाई नाही. नुसता काळ सरताना दिसतो."

"मॅडम," कारकूनबाई म्हणाल्या, "हे आम्ही नोकरीला लागल्यापासून करतोय. याला काय म्हणतात, ते माहीत नव्हतं एवढंच."

कलादालनाची एक अख्खी भिंत मीटर विभागाला मिळाली. कचेरीच्या वेळात थेट चित्र, इतर वेळी जुनं. खात्याने शिस्तीचे नियम केले. चौकटीत घटना म्हणता येईल असं काहीही घडू नये. घडल्यास संबंधित कर्मचाऱ्यावर कथानक निर्माण केल्याचा ठपका ठेवला जाईल. साहेबांनी गालाला हात लावून दिवसभर टेबलाशी बसावं, कारण त्या एका फ्रेमवर समीक्षकांचा फार जीव होता. त्या चित्रणात साहेब, कसे कोण जाणे, एकदाच चुकून जागेवर सापडले होते.

पुढच्या सोमवारी घड्याळजी आले तर साहेब समोर. घड्याळजींना आपल्या डोळ्यांवर विश्वास बसेना.

"साहेब, आज भेटलात. तेवढं सील..."

"आता कसं शक्य आहे?" ओठ न हलवता साहेब म्हणाले. "मीटर हलवायला बंदी आहे. आणि माझे हाल बघा. पूर्वी काम करत नव्हतो, पण हिंडता तरी येत होतं."

"मग मी दुसरा मीटर आणतो."

"तुमच्या पत्त्यावर एक मीटर प्रलंबित असताना दुसरा कसा घेणार? आधी हा निकाली निघू दे."

"तो कधी निघेल?"

"निघाला की कलाकृती मोडते."

घड्याळजी बाकावर जाऊन बसले.

रविवारी ते बायकोला घेऊन कलादालनात गेले. भिंतीएवढ्या चित्रात टेबल होतं, मीटर होता, बाक होता आणि बाकावर निळ्या शर्टात ते स्वतः होते. समोर बरीच माणसं हाताची घडी घालून उभी होती. बायकोने कंबरेवर हात ठेवून रखवालदाराकडे खुर्ची मागितली.

"इथे खुर्ची नसते, काकू. खुर्ची दिली की लोक शेवटाची वाट बघायला लागतात."

ती भिंतीला टेकली. "घरी कधी इतके शांत बसत नाही तुम्ही," ती नवऱ्याला म्हणाली.

शेजारची एक मुलगी मैत्रिणीच्या कानात कुजबुजली, "त्या निळ्या शर्टात किती प्रतीक्षा आहे ना."

"धुवायला अख्खी बादली लागते त्याला," घड्याळजींची बायको म्हणाली. मुलीने दाद देत मान डोलावली.

एवढ्यात संचालिका मॅडमनी घड्याळजींना ओळखलं. "तुम्हीच का ते. कृपा करून सोमवार चुकवू नका. आणि शर्ट बदलू नका."

"येईन की. पण माझा मीटर तेवढा सुटला असता तर..."

"अहो, न फिरणारा काटा हाच तर कृतीचा प्राण आहे. मीटर उचलला की घटना घडते, घटना घडली की गोष्ट होते, आणि गोष्ट झाली की तो सिनेमा. मग तो माझ्याकडे राहत नाही, चित्रपट विभागाकडे जातो."

त्या आठवड्यात घड्याळजींची बायको भरल्या बादलीसकट दुसऱ्या मजल्याच्या वळणावर खाली बसली ती तिला उठता येईना. बादली कलंडून पाणी रस्त्यापर्यंत गेलं, तेव्हा कुठे दुकानात बसलेल्या घड्याळजींना कळलं. सोमवारी ते मीटर विभागात शिरले ते बाकाकडे गेलेच नाहीत. त्यांनी साहेबांच्या टेबलाचा खण ओढला, पक्कड काढली, तारेत गोळी ओवली.

"घड्याळजी, काय करताय?" गालावरचा हात तसाच ठेवून साहेब पुटपुटले. "मला हलता येत नाही हो."

"नका हलू. झालंच माझं."

तिकडे कलादालनात खळबळ उडाली. निघालेली माणसं परत फिरली. काही जण तर चक्क जमिनीवर बसले. आता काहीतरी होणार, अशी भावना प्रेक्षकांत पसरली आणि मॅडमनी फोन उचलला. गोळी अर्धी दाबून झाली असतानाच दोन शिपायांनी घड्याळजींना बगलेत धरून बाहेर नेलं. टेबलावरच्या धुळीत मीटरची गोल जागा स्वच्छ राहिली होती. मीटर पुन्हा बरोबर तिथे ठेवण्यात आला.

घड्याळजींवर आरोप आला तो कलाकृतीला विनापरवाना शेवट जोडण्याच्या प्रयत्नाचा. त्यांना पाणी मिळू नये म्हणून कलाप्रेमींनी सह्या गोळा केल्या. मेहुण्यानेही सही केली.

"दाजी, राग मानू नका," तो म्हणाला. "पाणी आज ना उद्या येईल. असं काम पुन्हा होणे नाही."

"तुझी बहीण अंथरुणात आहे."

"तेच तर. ताईचा त्रास त्यात किती खोलवर उतरलाय."

प्रकरण चिघळू नये म्हणून खात्याने मधला मार्ग काढला. घड्याळजींना शेवट हवा होता आणि शेवट चित्रपट विभागात मिळतो. म्हणून त्या विभागाने रीतसर सिनेमा काढला. त्यात निळ्या शर्टातला एक देखणा घड्याळजी होता. त्यातले साहेब पश्चात्तापाने रडत स्वतःच्या हाताने सील दाबत होते. तिसऱ्या मजल्यावर नळ धो धो वाहत होता, आणि त्याच्याखाली गाणं होतं. घड्याळजींना सन्मानाने बोलावलं. त्यांच्या बायकोला पहिल्यांदाच बसायला खुर्ची मिळाली, तीही गादीची. ती शेवटी पदर डोळ्यांना लावून रडली.

"पाणी किती छान दाखवलंय," बाहेर आल्यावर ती म्हणाली.

थोड्याच दिवसांत खात्याचं पत्र आलं. अर्जदाराच्या घरी पाणी आल्याचं हजारो नागरिकांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं असल्यामुळे प्रकरण निकाली काढण्यात येत आहे. मीटर मात्र कलादालनाच्या सोयीसाठी टेबलावरच राहील.

दुसऱ्या दिवशी दुपारी घड्याळजींची बायको कंबरेला पट्टा बांधून बादली घेऊन जिना चढू लागली. शेजाऱ्यांनी भिंतही बघितली होती आणि सिनेमाही. मजल्यामजल्यावर दारं उघडली. माणसं चौकटीला टेकून, हाताची घडी घालून, आदराने उभी राहिली. वळणावर ती बादली खाली ठेवून दम खायला थांबली, तेव्हा एकाने मोबाइल काढला.

"वहिनी, अशाच थांबा जरा. उजेड छान पडलाय."

दुकान उघडं टाकून घड्याळजी धावत वर आले आणि त्यांनी बादलीला हात घातला.

"अहो, मध्ये नका येऊ," दोन-तीन दारांतून एकदम आवाज आला.

त्या शेजाऱ्यांना नावं ठेवण्यात अर्थ नाही. पहिल्या पायरीपासून आपणही मागोमाग आलोच की, तिला पाणी मिळतं का ते बघायला. आपला एक हात पान उलटण्यात गुंतला होता. दुसरा मोकळाच होता.