मंदाताईंचं अठरावं शतक

आमच्या समोरच्या फ्लॅटमधल्या मंदाताई अठराव्या शतकातल्या युरोपियन पुरुषांशी भांडतात. रोज, पोळ्या लाटताना. कतारमधल्या अल मन्सूरातल्या आमच्या बिल्डिंगच्या भिंती पापडाच्या, त्यामुळे "मेल्या, बाईला शिकवायचं ते तुझी पोरं नीट वाढवायला होय?" ही गर्जना पार मेट्रो स्टेशनपर्यंत जाते. ती ऐकून खालचे टॅक्सीवाले गावी बायकोला फोन लावून माफी मागतात, हे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय.

नवरा रास लफानच्या गॅस प्रकल्पात शिफ्टवर, मुलगी सई जर्मनीत शिकायला. मूळच्या नाशिकच्या मंदाताई दर शुक्रवारी आम्हा शेजारणींना मिसळ खाऊ घालतात आणि वर युरोपच्या प्रबोधनकाळावर व्याख्यान देतात. मिसळ इतकी जहाल की उलट बोलायला जीभच उरत नाही. सार एकच: "त्या विद्वानांनी आईला देव्हाऱ्यात बसवलं आणि बाहेरून कडी घातली. बाई आधी माणूस. तिचं तिने ठरवायचं. खलास!"

परवाच्या शुक्रवारी कुणाचं तरी भाषण ऐकवायला त्यांनी मोबाइल मोठ्या स्पीकरला जोडला होता. तेवढ्यात फोन आला, त्यांनी सवयीने उचलला, आणि सईचा आवाज खोलीभर घुमला.

"आई, आय कान्ट डू धिस. सोमवारचा पेपर नाही देत. मी सगळं सोडून घरी येतेय. तिकीट बघतेय."

आमचे चमचे हवेतच. मंदाताई स्पीकरचं बटण शोधतायत, सापडत नाही.

"येऊ दे हो पोरीला," कुणीतरी कुजबुजलं. कुणीतरी म्हणजे मीच. मंदाताईंनी माझ्याकडे असं पाहिलं की माझ्या सात पिढ्या जागच्या जागी निरक्षर झाल्या.

"सई, ते तू ठरव."

"पण तुला काय वाटतं?"

कतारमधल्या वाळूच्या कणाकणाबद्दल ज्यांना मत आहे, त्या मंदाताई पाव कुस्करत बसल्या.

"मला नको विचारूस, बाळा. मी आई आहे. मी 'ये' म्हणेन."

मग सई म्हणाली, "पेपर देते. मग सांगते." आणि फोन बंद झाला.

"तर, ते विद्वान..." मंदाताईंनी सुरुवात केली आणि तिथेच सोडली. पाणी आणते म्हणून आत गेल्या, त्या आल्याच नाहीत. मी डोकावले. सईच्या पलंगावर त्या धुतलेली चादर घालत होत्या; एकच सुरकुती, पुन्हा पुन्हा, तळव्याने सपाट करत.