मॉनिटर धूसर दिसतो

"हा मॉनिटर आता गेला," सुनेनं जेवताना जाहीर केलं आणि ती ताटात बघत राहिली. खोटं बोलताना तिला कुणाच्या नजरेला नजर देता येत नसे.

मॉनिटर बिचारा ठणठणीत होता. धूसर दिसत होतं ते चष्म्यातून, आणि हे या घरात उच्चारणं तिच्या जिवावर आलं होतं. चष्मा सासऱ्यांनी केलेला. जन्मभर चष्म्यांचं दुकान चालवून त्यांनी ते नुकतंच बंद केलं होतं. आवराआवर करताना अगदी सारख्या अशा दोन फ्रेम उरल्या, त्यांत त्यांनी वाचायच्या काचा बसवल्या. एक चष्मा स्वतःला, एक सुनेला. "माझ्या हातचा शेवटचा गं," म्हणून तो तिला देताना त्यांचा आवाज कापरा झाला होता. तेव्हापासून ती स्क्रीनला नाक लावून बसू लागली. पाठ्यपुस्तकांची मुद्रितं तपासायचं तिचं काम. काना-मात्रा डोळ्यांदेखत निसटायला लागल्या आणि संपादकबाई फोनवर करवादू लागल्या. पण त्या माणसाला कोणत्या तोंडानं सांगायचं, की बाबा, तुमचा हात गेला? त्यापेक्षा मोठा मॉनिटर घ्यावा, अक्षरंही मोठी होतील. मॉनिटरवर आळ घेतला तर त्याला थोडंच वाईट वाटणार होतं!

"मॉनिटर निवडणं म्हणजे डोळ्यांचं काम," सासरे हात धुता धुता म्हणाले. "मी येतो."

"कशाला उगाच दगदग, बाबा?" सून घाईनं म्हणाली.

"बाबांना ने बरं का," नवऱ्यानं तेवढ्यात पुस्ती जोडली. "त्यांच्याइतकं कुणाला कळणार?"

दुसऱ्या दिवशी सासरे इस्त्रीचा शर्ट घालून, डोळे तपासायचा जुना तक्ता काखेत मारून निघाले. दुकानदारानं उत्साहानं पिक्सेल, रिफ्रेश रेट असं काय काय सांगायला सुरुवात केली. सासऱ्यांनी हात वर केला. "ते राहू द्या. साधी वाचायची अक्षरं दाखवा."

अक्षरं आली. सासरे वाकून बघू लागले. मग पाऊल मागे घेतलं, मग आणखी एक, असं करत करत ते मागच्या प्रिंटरवर जाऊन आदळले.

"अक्षरं फुटतात," ते म्हणाले.

सुनेचं नाक काचेला टेकायचं तेवढं बाकी होतं. "हो बाबा, फुटतात." सासरे आपल्याच बाजूनं बोलताहेत हे पाहून तिला देव पावल्यासारखं झालं.

दुसरा मॉनिटर आला, तोही फुटला. तिसऱ्याची तीच गत. फळीवरचे संपले तसे दुकानदारानं घामाघूम होत आतले खोके फोडले. शेवटी त्याचा धीर सुटला. "अहो काका, मला तर मुंगीच्या पायाएवढं अक्षर दिसतंय!"

"असं? डोळे तपासलेत कधी?"

झालं! तक्ता फळीला टांगला गेला आणि दुकानदाराला स्वतःच्याच दुकानात एका डोळ्यावर हात ठेवून उभं राहावं लागलं. त्यानं खालची ओळ घडाघडा वाचली. तोवर कीबोर्ड घ्यायला आलेल्या आजीबाई "माझेही बघा हो" म्हणत पुढे सरकल्या आणि त्यांच्या मागे रांग लागली. माउस, वायर, स्पीकर कुणी विचारेना. सासरे मात्र खुलले होते. दुकान बंद झाल्यापासून इतके आनंदात सुनेनं त्यांना पाहिलं नव्हतं, आणि तिला भरून आलं.

दुकानदाराला मात्र निराळंच भरून येत होतं. "आधी तुम्ही दोघं चष्मे काढा बघू," तो म्हणाला. स्क्रीन पुसायच्या औषधाची बाटली घेऊन त्यानं दोन्ही चष्म्यांवर फवारा मारला, खसाखसा पुसून ते परत केले. "हं, आता वाचा!"

सुनेनं वाचलं. एकेक वेलांटी लख्ख उभी होती. शेजारी सासरे हातातलं माहितीपत्रक जवळ धरून वाचत होते. मग त्यांनी चष्मा काढला, त्याची काच अक्षरांवरून पुढेमागे केली, आणि सुनेला बाजूला घेतलं.

"हा माझ्या नंबरचा आहे," ते हळूच म्हणाले. "तुझ्या डोळ्यांवर होता तो. देताना मीच अदलाबदल केली. तुला धूसर कधीपासून दिसतंय?"

"दिलात त्या दिवसापासून."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही तरी कुठे बोललात?"

"मला वाटलं, माझा हात गेला. म्हटलं, तुला कळायला नको."

"मलाही तेच वाटलं, बाबा. म्हटलं, तुम्हाला कळायला नको."

दोघं एकमेकांकडे बघून एकदम फिसकन हसले. हसता हसता सासऱ्यांच्या डोळ्यांना पाणी आलं. ते त्यांनी लपवलं नाही.

"दिसतंय ना?" दुकानदारानं घाबरत विचारलं.

"त्याचं असं झालं..." सासरे सांगू लागले.

"लख्ख दिसतंय! तुमच्या औषधाची कमाल!" सुनेनं घाईनं त्यांना तोडलं. इतक्या लोकांसमोर त्यांची चूक उघडी पडायला नको होती. त्या औषधाची एक बाटली घेऊन दोघं सटकले. घरचा मॉनिटर धडधाकट असताना नवा कशाला?

घरी टेबल रिकामं होतं.

"नव्याला जागा करून ठेवली!" नवरा हौसेनं म्हणाला. "जुना शेजारच्या शिकवणीच्या बाईंना देऊन टाकला. काय खूश झाल्या!"

दोघं आल्या पावली परत फिरले. त्यांना पाहताच दुकानदाराचा हात शटरकडे गेला.

"तो द्या," सुनेनं पहिल्याच मॉनिटरकडे बोट दाखवलं.

"तो तर पहिल्या झटक्यात नापास केलात!"

आता मात्र सासरे ऐकेनात. छाती पुढे काढून त्यांनी भरल्या दुकानाला ऐकू जाईल असं सांगितलं, "मॉनिटर चांगलाच आहे हो! आमचे चष्मेच बदलले होते. पण दोन्ही चष्मे अचूक, बरं का! नंबरात तसूभर फरक नाही! तुम्ही पुसून परत देताना आपोआप ज्याचे त्याला मिळाले, एवढंच. औषधाचा काही संबंध नाही."

कीबोर्डवाल्या आजीबाईंनी हातातल्या त्याच औषधाच्या दोन बाटल्यांकडे पाहिलं. त्यांच्या मागच्या रांगेतही एकेकाच्या हातात बाटली होती.

"काका," दुकानदारानं हात जोडले, "मॉनिटर घरपोच पाठवतो, जोडूनही देतो. पण जरा हळू बोला!"